साळवेबाईंचा थर्मास

मीरा, रोहन,

मागच्या रविवारी फोनवर मीरा सांगत होती, की तिच्या शहरात काही ठरावीक वस्त्यांमधलीच मुलं जास्त आजारी पडतात. ते थांबावं म्हणून दवाखाना, शाळा, नगरपालिका आणि बसवाले यांना एका टेबलाशी बसवायचं काम आता तिच्याकडे आलं आहे. "आजी, तुमच्याकडे असं कुणी करायचं का?" असं तिनं विचारलं. मी "होतं एक माणूस" एवढंच म्हणाले आणि विषय बदलला. खरं उत्तर गोदावरी साळवे यांच्याबद्दल आहे, आणि ते फोनवर सांगताना माझा आवाज चढला असता. लिहिताना मला शिस्तीत राहता येतं.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि मी शिरूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. आमच्या मागच्या आळीत दोन खोल्या घेऊन साळवेबाई राहायला आल्या. त्या सरकारी नर्स. त्यांच्याकडे न्हावऱ्याच्या बाजूचं एक गाव होतं. त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ते गाव इतर गावांहून वाईट नव्हतं. नर्सनं खरं तर नेमणुकीच्या गावातच राहायचं. पण साळवेबाई बौद्ध. गावातल्या वरच्या आळीत त्यांना कुणी खोली दिली नाही आणि ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यात द्यायला कुणाकडे जास्तीची खोली नव्हती. म्हणून त्या रोज शिरूरहून एसटीनं जात.

ठेंगण्या, काटक, चालणं भराभर. मनगटावरच्या घड्याळाची तबकडी तळहाताच्या बाजूला, म्हणजे मुलाचं तोंड उघडून धरल्यावरही वेळ दिसे. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की आधी "ऐका" म्हणत आणि एक श्वास थांबत. फेरीवर असताना कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. एकाकडे घेतलं की दुसऱ्याकडे का नाही, हा प्रश्न येतो, म्हणायच्या.

आमच्याकडे आल्या की ओट्यावर बसत. मी चहा तिथेच नेऊन देई. 'आत या' म्हणायचं राहून गेलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. राहून गेलं नव्हतं. त्या मला 'बाई' म्हणत आणि मी त्यांना 'बाई' म्हणे. तेवढ्यावर आम्ही बरोबरीच्या आहोत असं मला वाटे.

पोलिओचे थेंब आमच्या भागात नुकतेच येऊ लागले होते. ते सतत बर्फात ठेवावे लागत. साळवेबाई पहाटे उठून स्टँडाशेजारच्या सोडावॉटरच्या दुकानात जात, तिथला माणूस टोच्यानं बर्फाची लादी फोडे, आणि ह्या त्याच्याशी हुज्जत घालत: सुपारीएवढे तुकडे नकोत, लवकर विरघळतात, लिंबाएवढे द्या. ते तुकडे रुंद तोंडाच्या सरकारी थर्मासमध्ये भरायचे, मध्ये लशीची बाटली पिशवीत गुंडाळून खोचायची, झाकण घट्ट करायचं. मग थर्मास कानाशी धरून हलवायचा. आत बर्फ खडखडला, की पावणेसातच्या गाडीत बसायचं. दिवसभरात त्या कितीदा तरी तो कानाशी धरत. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तसं.

एकदा मी विचारलं, की गावात फेरी कुठून सुरू करता. त्या ओट्यावर सरसावून बसल्या.

"ऐका, बाई. गाडी मारुतीच्या पारावर थांबते. पाटलांच्या दारापासून सुरू करते, वरची आळी, मधली आळी, मग माळ्यांचे मळे. वाडा शेवटी. मी त्याच समाजातली, सख्खी बहीण त्या वाड्यात दिलेली. मी तिकडून सुरू केलं तर म्हणतील, आपल्या माणसांना आधी दिलं. कुणाला बोट दाखवायला जागाच ठेवायची न्हाई."

मी त्यांचं कौतुक केलं. 'इम्पार्शल' असा शब्दही वापरला आणि त्याचा अर्थ सांगितला, कुणाचीच बाजू न घेणारा. त्यांना तो आवडला. दोनदा म्हणून पाहिला. त्या शब्दाची मला पुढे फार लाज वाटली.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या बहिणीची मुलगी छबी तापानं फणफणली. दीड वर्षाची पोर, नुकतीच चालायला लागलेली. ताप उतरला आणि तिचा डावा पाय उचलेना. पुण्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं पोलिओ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साळवेबाई आमच्याकडे आल्या. त्या ओट्यावर थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या, माझ्या टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि लशीच्या खोक्यातला घडीचा छापील कागद त्यावर पसरला. कागद इंग्रजीत होता.

"हे वाचा. उष्णतेचं काय लिहिलंय तेवढंच वाचा."

मी वाचलं. सतत बर्फात ठेवावी. गरम झाल्यास गुण जातो. गुण गेलेली लस दिसायला तशीच राहते, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. ते साळवेबाईंनीच मला सांगितलं. मग त्यांनी बोटांवर तास मोजले. साडेसहाला बर्फ भरला. पारावर आठ. वरची आळी, मधली आळी, मळे, प्रत्येक दारात झाकण उघडायचं. ओढा ओलांडेपर्यंत दीड-दोन. रजिस्टरमध्ये छबीच्या नावापुढे तीन डोसांच्या तीन खुणा होत्या, साळवेबाईंच्याच हातच्या, एका ओळीत.

"मळ्यापाशीच खडखड बंद व्हायची," त्या म्हणाल्या. "मला ऐकू यायची न्हाई. मी म्हणायचे, गार तर आहे अजून." मग त्या तीन खुणांवर बोट ठेवून: "पाणी पाजलं, बाई. मी माझ्या हातानं पोरीला तीनदा पाणी पाजलं. आन् सगळ्या वाड्याला."

मी म्हटलं, लस चांगली असूनही एखाद्या मुलाला होतो म्हणे. साळवेबाईंच्या सरकारी दवाखान्यातले तरुण डॉक्टरही तेच म्हणाले होते. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजिस्टरमध्ये पट्टीनं एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'बर्फ'. प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'आहे' किंवा 'पाणी'. महिनाअखेर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं लाल पेन्सिलीनं तो रकाना खोडला. छापील नमुन्यात तो नाही, असा शेरा मारला. पुढच्या महिन्यात साळवेबाईंनी पुन्हा आखला. त्यानं पुन्हा खोडला. असं किती महिने चाललं ते मला आठवत नाही. रजिस्टरची पानं मात्र आठवतात, डावीकडे निळी शाई आणि उजवीकडे लाल फुल्या.

साळवेबाईंची मागणी एवढीच होती, की फेरी वाड्यापासून सुरू करायची परवानगी द्या. वाड्यात घरं थोडी आणि एकमेकांना लागून. ती बर्फ असेपर्यंत उरकतील, आणि वरच्या आळीसाठी वाटेत बर्फाची भर घालायची सोय करा. मी अर्ज लिहिले, मराठीत आणि इंग्रजीत. प्रती अजून माझ्या फायलीत आहेत, क्रमानं लावलेल्या. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, तुमचं पटतं मला, पण क्रम बदलण्याचा लेखी आदेश माझ्याकडे नाही. पंचायत समितीत सांगितलं, हा विषय आरोग्याचा. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, मुलं गोळा करायचं काम शाळेच्या वेळेत बसत नाही. साडेनऊला पारावर दूध डेअरीचा टेंपो येई, त्यात बर्फ असे. डेअरीचे सेक्रेटरी म्हणाले, बर्फ दुधाचा आहे. एसटीच्या डेपोत सांगितलं, ओढ्याला थांबा मंजूर नाही. कुणीही उद्धट बोललं नाही. प्रत्येकानं खुर्ची दिली. साळवेबाईंना मात्र ती जरा लांब दिली.

शेवटी गावात चावडीवर बैठक झाली. मीही गेले होते. सरपंच आबा वयस्कर, बोलायला गोड.

"नर्सबाई, तुमच्या कामाला आमची कवा आडकाठी न्हाई," ते म्हणाले. "पर रीत पारापासनं हाय. वाड्यातल्या बायांनी पोरं घिऊन पारावर यावं की. कोण नको म्हणतंय?"

"आल्या तर रांगेत पुढं उभ्या राहतील का, आबा?"

आबा हसले. "रांग काय, आपसूक लागती ती."

दारात आबांच्या चुलती बसल्या होत्या, कडेवर पणतू. त्या म्हणाल्या, "आन् आधी तिकडं फिरून आलेल्या बाटलीतलं आमच्या पोराच्या तोंडात घालायचं व्हय?"

"बाटली कुणाच्या तोंडाला लागत न्हाई, काकू. वरून थेंब पडतो."

"तोंडाला लागत नसंल. शिवल्याली तर आसती."

"शिवते तर मीच," साळवेबाई म्हणाल्या. "गेलं वर्षभर मीच शिवते. तुमच्या ह्या पणतवाला तीनदा शिवून दिलंय."

मागच्या बाजूला दोघं-तिघं हसले. काकूंनी पणतवाला पदराखाली घेतलं. त्यांना कुणी गप्प केलं नाही, आणि साळवेबाईंना कुणी दुजोरा दिला नाही. मीही दिला नाही. डॉक्टर मग घाईनं म्हणाला, आपण दोन थर्मास करू, एक गावाला, एक वाड्याला. सगळ्यांना हायसं वाटलं. चहा आला. बैठक संपली.

दुसरा थर्मास अर्थातच मंजूर झाला नाही. एका नर्सला एक, असा नियम. तेव्हा मी माझा काढला. माझ्या भावानं परदेशातून आणलेला, निळा, आमचा सहलीचा. मी तो धुऊनपुसून त्यांना नेऊन दिला, आणि खरं सांगते, आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं. चार दिवसांनी त्यांनी तो तसाच परत आणला.

मला राग आला. मी विचारलं, "मुलं महत्त्वाची की तुमचा हट्ट?"

"ऐका, बाई. दोन थर्मास झाले म्हणजे दोन पाणवठे झाले. एक चांगला होतो आन् एक जुना होतो. एखाद्या दिवशी बर्फ कमी मिळाला, तर तो कुठल्या थर्मासात कमी पडेल? तुम्हीच सांगा."

मी थर्मास फडताळात ठेवून दिला.

त्यानंतर त्यांनी परवानगीची वाट पाहणं सोडलं. पावणेसातच्या गाडीवर थोरात नावाचे कंडक्टर होते, कमी बोलणारे, सगळा रस्ता पाठ असलेले. साळवेबाईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे. एके दिवशी ओढ्याच्या वळणावर थोरातांनी दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थांबली. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. थोरात म्हणाले, "एक उतरणार हाय." बस, एवढंच. पुढे प्रत्येक फेरीला गाडी तिथे थांबायची. शाळेतल्या एका शिक्षिकेनं, मुख्याध्यापकांना न विचारता, शाळा भरायच्या आधी वाड्यातल्या समाजमंदिरात आयांना गोळा करायला सुरुवात केली. कुठेही कागद नव्हता. मीरा, तुमच्याकडे ज्याला भागीदारी म्हणतात, ती आमच्याकडे एक दोरी आणि एक हाक एवढीच होती. माझ्या फायलीतल्या एकाही अर्जानं जे झालं नाही, ते तेवढ्यावर झालं.

साडेआठच्या आत वाडा उरकायचा, आणि मग त्या वर पारावर जायच्या. वरच्या आळीनं पहिल्या महिन्यात दारं लावून घेतली. त्या तरीही प्रत्येक दारासमोर उभ्या राहिल्या, थर्मास हलवून म्हणायच्या, "ऐका, खडखडतंय अजून." दुसऱ्या महिन्यात दोन-चार सुना बाहेर आल्या. त्यांत डेअरीच्या सेक्रेटरींची सून होती. तिचं घर आळीच्या टोकाला, म्हणजे आता सगळ्यात शेवटी. तिनं कान लावून ऐकलं आणि घरात जाऊन सासऱ्यांना सांगितलं, की आपल्या बाळापर्यंत येईस्तोवर आवाज बारीक होतो.

पंधरा दिवसांत डेअरीचा बर्फ निघाला. टेंपो पारावर आला की सेक्रेटरी स्वतः तांब्या भरून तुकडे आणून देत. दुधाचा बर्फ होता ना, असं कुणी त्यांना विचारलं नाही.

हे सांगायला साळवेबाई आमच्याकडे आल्या त्या हसतच. मी त्यांना तसं हसताना एरवी पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "वाडा शेवटी होता तवर बर्फ दुधाचा होता, बाई. पाटलाची आळी शेवटी आली, आन् बर्फ लशीचा झाला." मग पदरानं डोळे पुसले, आणि हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

पाच महिने हे चाललं. पाच महिने त्या गावात थेंब घेणाऱ्या प्रत्येक मुलाला बर्फातली लस मिळाली, वरच्या आणि खालच्या. हे मी खात्रीनं लिहिते, कारण खोडलेल्या रकान्यातही 'आहे' हा शब्द लाल रेघेखाली स्पष्ट दिसे.

सहाव्या महिन्यात अर्ज आला. बऱ्याच सह्या. सदर परिचारिका स्वतःच्या जातीस प्राधान्य देतात. ज्या वाक्याला भिऊन त्यांनी वर्षभर वाडा शेवटी ठेवला होता, तेच वाक्य, टाइप केलेलं. डॉक्टरनं त्यांना ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, मी काहीच करू शकत नाही. बदली दौंडला झाली. जाण्याआधी त्यांनी रजिस्टर माझ्याकडे आणून दाखवलं, शेवटच्या पानापर्यंत रकाना आखून ठेवलेला. नव्या बाईला सोपं पडावं म्हणून.

नव्या बाई स्वभावानं चांगल्या होत्या. पारापासून सुरुवात करत. डेअरीचा बर्फ पुन्हा दुधाचा झाला. कुणीतरी मला सांगितलं, की थोरात कंडक्टर पुढे पुष्कळ दिवस ओढ्याच्या वळणावर उगाच दोरीला हात लावून उभे असत. मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींचं उत्तर आलं: योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे. ती उत्तरंही फायलीत आहेत, आणि ते 'पुढे' कुठे आहे हे मला अजून कळलेलं नाही.

वर्षभरानं तुमच्या आजोबांची सोलापूरकडे बदली झाली आणि आम्ही सामान घेऊन दौंडला गाडीची वाट पाहत बसलो. प्लॅटफॉर्मवरच्या सरबताच्या गाड्यापाशी कुणीतरी हुज्जत घालत होतं, की सुपारीएवढे नकोत, लिंबाएवढे द्या. मी उठून गेले. नर्सच्या त्याच पांढऱ्या साडीत साळवेबाई. थर्मासला एका बाजूला पोचा आला होता. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण हात थांबले नाहीत. तुकडे भरून झाकण लावलं.

मी विचारलं, "छबी कशी आहे?"

"चालती. भिंत धरून चालती." मग घड्याळ पाहिलं. "थांबता येणार न्हाई, बाई. बर्फ आहे."

मी म्हटलं, निदान एक कप चहा, आमच्याबरोबर बसून. हे म्हणायला मला तीन वर्षं लागली होती. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, मान हलवली आणि निघाल्या.

गावात जायचं तर मोठ्या दरवाजानं बाहेर पडून बाजाराकडे जायचं. त्या तिकडे गेल्या नाहीत. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उतरून रूळ ओलांडले. पलीकडे, सायडिंगला उभ्या असलेल्या मालडब्यांच्या मागे, खडी फोडणाऱ्यांची पालं होती. अर्ध्या वाटेत त्यांनी थर्मास कानाशी धरला. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग पदर खोचला आणि जवळजवळ धावतच निघाल्या.